पातीवरची मालिका

ताडकळसच्या शिवारात खुरपणाचं गुत्तं, म्हणजे ठरल्या रकमेत सगळ्या रानाचा ठेका, घेणाऱ्या बायांच्या टोळ्या पुष्कळ आहेत, पण नर्मदाबाईच्या टोळीत जागा मिळावी म्हणून बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या तेवढ्या बाकी राहायच्या. त्याला कारण नर्मदाबाई नव्हे. तिचं तोंड असं होतं की बैलसुद्धा मान खाली घालून चालावेत. कारण होती कडूबाई.

कडूबाईला खुरपता येत होतं, पण एके काळी. आता वातानं तिची बोटं अशी वाकडी झाली होती की खुरपं ती धरायची नाही, बोटांत अडकवायची. कापसाच्या रानात प्रत्येक बाईला एक ओळ मिळते, तिला पात म्हणायचं. आपली पात आपण काढायची आणि सगळ्यांच्या बरोबरीनं धुऱ्याला, रानाच्या कडेच्या बांधाला, पोचायचं. गुत्त्याच्या कामात एक बाई मागं राहिली की सगळ्या टोळीचा दिवस वाया. दुसऱ्या कोणत्याही टोळीनं कडूबाईला रानात पाऊल टाकू दिलं नसतं. पण इथं तिची पात दोन्ही बाजूच्या बाया ओढून घ्यायच्या. उजवीकडून तिच्याच वयाची केवळाबाई आणि डावीकडून भक्ती, नवीनच लग्न होऊन आलेली. कडूबाईनं फक्त मधोमध उकिडवं बसून पुढं सरकत राहायचं आणि मालिका सांगायची.

मालिका ती मालनबाईच्या घरी बघायची. ज्या दत्तरावाच्या रानात ही टोळी निम्मं वर्ष राबायची, त्याची ही बायको. मालनबाई सोफ्यावर आणि कडूबाई उंबऱ्याच्या अलीकडं. फुकट कोण बघू देतं? समोर सुपात तूर असायची. बोटं चालत नाहीत म्हणून कडूबाई तळहातानं खडे बाजूला सारायची आणि नजर टीव्हीवरून हलवायची नाही. एखादा खडा राहिलाच तर मालनबाई दुसऱ्या दिवशी तिला टीव्हीकडं पाठ करून बसवायची. कडूबाई म्हणायची, ऐकू तर येतंय.

आणि दुसऱ्या दिवशी रानात ती जे सांगायची, ते मालिकेत सुद्धा नसायचं. टीव्हीतली सासू नुसती डोळे वटारायची. कडूबाईची सासू आधी पदर खोचायची, मग पानाची पिंक टाकायची आणि मग डोळे वटारायची. पात संपत आली की हमखास कुणाच्या तरी दारावर थाप पडायची. कोण आलं असंल या घोरात बाया धुऱ्यावर पाणीसुद्धा न पिता लगेच दुसरी पात धरायच्या. नर्मदाबाईला मालिकेचं काही पडलेलं नव्हतं. तिला ती थाप आवडायची.

बाजाराच्या दिवशी दुसऱ्या गावच्या बाया वांगी निवडता निवडता कडूबाईला थांबवून विचारायच्या.

"मावशी, औंदा कोणती बघायसारखी हाय?"

"जुळ्या बहिणींची बघू नका. पयल्याच दिवशी सासू रडायली. सासू पयल्या दिवशी रडली की समजायचं, यांच्यापाशी पुढं काई न्हाई."

"आन वकिलीणबाईची?"

"ती बगा. लय भारी. पायरीवरनं पडलीय, पण वरीसभर मरत न्हाई ती."

तिचं म्हणणं सहसा चुकायचं नाही. आयुष्यात कडूबाईला कुणी काही विचारलं असेल तर तेवढंच. नवरा मल्हारी मेंढरं घेऊन फिरायचा, तो गेला तेव्हा मेंढरं दिरांनी हाकून नेली. एक लेक, दैवशाला, ती सेलूला दिलेली. जावई रामप्रसाद जिनिंगवर कामाला. कडूबाईपाशी राहिलं काय, तर पत्र्याचं एक खोपट आणि नर्मदाबाईच्या टोळीतली पात. पात गेली तर चूल गेली.

ती पात जायला एक मोबाइल पुरला.

भक्तीच्या नवऱ्यानं तिला मोठा फोन आणला. त्यात मालिकेचे सगळे भाग एकदमच पडलेले. वाट बघायचीच नाही; पोळीवर पोळी लाटावी तसा भागावर भाग बघायचा. भक्ती दोन दिवस अंगात कणकण आहे म्हणून घरी राहिली आणि तिसऱ्या दिवशी रानात आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. कडूबाईनं नेहमीप्रमाणे वकिलीणबाईला दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं मान हलवली, तेवढ्यात भक्ती म्हणाली, "मरत न्हाई मावशी ती. नवरा बदमाश निघतो. आन नर्स हाय ना, ती तिचीच पोरगी असती."

सगळ्या खुरप्यांचा आवाज थांबला.

"सगळं बगितलीस का?" केवळाबाईनं विचारलं.

"शेवटापस्तोर."

"मंग तूच सांग की. ही आमाला सा महिने दवाखान्यात बसवून ठिवली असती."

बाया हसल्या. कडूबाईही हसली. दुपारच्या भाकरीपर्यंत भक्तीनं सगळी मालिका सांगून टाकली, अशी की जशी कुणी आंब्याची कोय दाखवावी आणि म्हणावं हा आंबा. पण सांगून झाली.

त्याच आठवड्यात मालनबाईच्या लेकानं पुण्याहून येऊन तिच्या निजायच्या खोलीत नवा टीव्ही लावला, तो नेटवर चालणारा. बैठकीतला जुना काढून टाकला. मालनबाई आता दार लावून पलंगावर पडून बघायची. कडूबाई सूप घेऊन बसली ती रिकाम्या भिंतीसमोर. तूर मात्र निवडायला होतीच.

चार दिवस कडूबाईनं जुन्या मालिका उकरून काढल्या. बायांनी ओळखल्या. पाचव्या दिवशी नर्मदाबाईनं धुऱ्यावर उभ्यानं तंबाखू मळत सांगितलं, "कडूबाई, सोमवारपासून तुजी पात तूच काढ. न्हाई निघाली तर येऊ नको. माजा तुज्यावर राग न्हाई."

"माजे हात तर बगतीस ना बाई."

"बगतीय मनूनच सांगायलीय."

त्या रविवारी संध्याकाळी दैवशालाचा फोन आला.

दैवशालाचा फोन कसा असायचा, ते सांगायला पाहिजे. रामप्रसादनं दुसरी बाई घरात आणून ठेवली होती. दैवशालाला मूलबाळ नव्हतं, हे निमित्त. ती दोन-तीनदा माघारी आली होती आणि कडूबाईनं तिला दर वेळी माघारी लावून दिलं होतं. घरात दोन तोंडं कशी भरायची, आणि लोक काय म्हणतील. दोन्ही गोष्टींत कुठली मोठी होती ते तिनं कधी ठरवलं नाही. मग दैवशाला यायची बंद झाली, नुसती रविवारी फोन करायची. ती बोलायला लागली की कडूबाई म्हणायची, "नांदायचं बाई. बायकाची जिंदगी अशीच असती," आणि लाल बटण दाबायची.

त्या दिवशी दैवशाला म्हणाली, "माय, आता सवतीला न्हायला पाणी मलाच तापवावं लागतंय. कोमट निगालं तर सासू तेच पाणी माज्या ताटात वतती. भाकरीवर."

कडूबाईचा अंगठा बटणावर गेला होता. तो तिथंच थांबला.

"भाकरीवर?"

"भाकरीवर."

"मंग? सवत काय मनती? ती बगती का तिकडं तोंड करती?"

 आजवर आईनं दैवशालाला मग काय झालं असं कधी विचारलं नव्हतं. मग तिचा बांध फुटला. सवत कशी हसते, तिच्या केसांना कोणतं तेल लागतं, नवरा भिंतीकडं तोंड करून कसा जेवतो, सगळं सांगितलं. कडूबाईनं एकही गोष्ट खाली पडू दिली नाही.

सोमवारी पातीवर बसताबसता ती म्हणाली, "नवीन मालिका लागलीय. असली मालिका औंदा दुसरी न्हाई."

"कुटली?" भक्ती म्हणाली.

"नागपूरकडली हाय."

आणि तिनं सुरू केलं. बाई, तिचा नवरा, सवत, न्हाणीतलं पाणी. भाकरीवर पाणी ओतलं तेव्हा केवळाबाईनं खुरपं खाली ठेवून नाक शिंकरलं. "मुडदा बशीवला त्या सासूचा," ती म्हणाली आणि कडूबाईच्या पातीतलं गवत अशा रागानं उपटलं की दोन कापसाची झाडंही आली. पात संपायच्या वेळेला दारावर थाप पडली. नर्मदाबाईनं तंबाखू तोंडात टाकली आणि सोमवारचं काही बोलली नाही.

भक्तीनं घरी जाऊन फोनमध्ये शोध शोध शोधलं.

"मावशी, नाव तर सांगा. सापडंनाच."

"मला वाचता येतंय का नाव?"

"पण कुटं लागती?"

"तुला ऐकायचंय का हुडकायचंय?" नर्मदाबाई मागून म्हणाली. "हात चालव."

आता कडूबाई रविवारची वाट न बघता स्वतःच फोन करायची. पलीकडून दैवशाला कुजबुजत बोलायची. आई विचारायची, मग? मग तू काय म्हणालीस? तिचं तोंड कसं झालं? दैवशाला एकदा म्हणाली, "माय, तू आता इचारतीस ना, मला लय बरं वाटायलंय. आदी वाटायचं, मला कुनीच न्हाई."

कडूबाईनं हातातली भाकरी टोपलीत परत ठेवली. असं नाही की तिला काही वाटलं नाही. वाटलं. पण सकाळी बाया हातात खुरपं घेऊन तिच्या तोंडाकडं बघत होत्या.

पंधरा-वीस दिवसांत बाया कंटाळल्या. दुःख कितीही खरं असलं तरी रोज तेच वाढलं की नको होतं.

"नुसती सोसतीच की ही," केवळाबाई म्हणाली. "तिचंबी काई असंलच. उगं कोन सवत आनतं?"

"व्हय," नर्मदाबाई म्हणाली. "आग असल्याबगर नवरा असा करत न्हाई."

केवळाबाईनं आणि भक्तीनं त्या दिवशी आपापलीच पात काढली, कडूबाईच्या पातीला हात लावला नाही. कडूबाई मागं पडली. वाकड्या बोटांतून खुरपं सुटून खाली पडायला लागलं. पुढच्या बायांच्या पाठी लहान लहान व्हायला लागल्या. तेव्हा ती मागून मोठ्यांदा म्हणाली, "तिच्या दारावर एक बांगडीवाला यायचा!"

पाठी थांबल्या.

"कसला बांगडीवाला?"

"उंच. गोरा. हात हातात घिऊन बांगड्या भरायचा, आन सोडायचा न्हाई लवकर."

"अस्सं!" केवळाबाई मागं सरकत आली आणि दोन हातांनी तिची पात ओढायला लागली. "मी मनलं न्हवतं का?"

त्या दिवसापासून मालिकेला रंग चढला. बांगडीवाला दोन दिवसाआड यायला लागला. बायांनी त्या बाईला अशी अशी विशेषणं लावली की ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. सवतीची बाजू घेणाऱ्याही निघाल्या. भाकरीवर पाणी ओतलं की आता कुणी नाक शिंकरत नव्हतं. बरं झालं, म्हणत होत्या. नर्मदाबाईनं निकाल देऊन टाकला, "असली बाई माज्या टोळीत आली तर मी तिला खुरप्याला शिवू देनार न्हाई."

"तिला माय न्हाई का?" एकदा भक्तीनं विचारलं.

कडूबाईनं बोटांतलं खुरपं नीट अडकवलं.

"हाय की," ती म्हणाली. "लय मायाळू हाय. रोज वाटंकडं डोळे लावून बसती. रडून रडून दिसंना झालंय तिला. पन लेकच येत न्हाई. त्या बांगडीवाल्यापायी."

त्या आईसाठी मात्र केवळाबाई भाकरी खाताना रडली.

त्याच संध्याकाळी दैवशाला फोनवर म्हणाली, "माय, मी येऊ का? आता न्हाई ऱ्हावत. तू मनलीस तर उद्याच निगते."

ती आली तर मालिका संपली. कडूबाईला हे शब्दांत कळलं नसेल, पण तिच्या वाकड्या बोटांना कळलं.

"थांब थोडी," ती म्हणाली. "पुढं काय हुतंय ते तर बगू."

दैवशाला दहा-बारा दिवस थांबली. फोन लागायचा बंद झाला. कडूबाईनं ते दिवस बांगडीवाल्यावर काढले. आणि मग एका दुपारी परभणीकडून आलेली यष्टी रानाजवळच्या फाट्यावर थांबली, आणि एक बाई काखेत पिशवी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं चालत आली. डोक्यावरचा पदर तिनं दोन्ही हातांनी हनुवटीखाली धरला होता.

"दैवशाला गं!" केवळाबाई म्हणाली. "कदी आलीस माय?"

दैवशाला आईकडं न जाता सरळ नर्मदाबाईपुढं जाऊन उभी राहिली. बहुतेक येताना सगळ्या वाटेनं तिनं तेच म्हणायचं ठरवलं असावं.

"मावशी, मला टोळीत घेतीस का? आता मी माघारी जात न्हाई. मायवर भार पडाय नको."

"झालं काय बाई असं?"

"सवत हाय घरात. तिला मी पानी तापवून द्यायचं. आन कोमट निगालं तर सासू..."

"ताटात वतती," भक्ती म्हणाली.

दैवशालानं तिच्याकडं बघितलं. "तुला काय म्हाईत?"

 वारा आला आणि तिच्या हातातून पदर सुटला. खाली केस नव्हते. कुठं बोटभर, कुठं टाळूपाशी कातरीनं ओरखडलेलं. सवतीच्या डोक्यात उवा झाल्या, त्या हिच्यापासून झाल्या म्हणून सासूनं बसवून कापले होते.

केवळाबाईनं तिच्या डोक्याकडं बघितलं, मग कडूबाईकडं.

"हे न्हाई सांगितलीस कडूबाई तू," ती म्हणाली. "हे राहिलं की सांगायचं."

"काय सांगायचं?" दैवशालानं विचारलं.

"आमाला रोज मालिका सांगायली ना तुजी माय. आमी मनलं नागपूरची हाय. तो बांगडीवाला आता कुटं हाय गं?"

"कोन बांगडीवाला?"

"घ्या. हात सोडायचा न्हाई मनं लवकर."

दोन-तीन बाया हसल्या. हसू आवरत नाही तसं. दैवशालाला हळूहळू कळत गेलं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. ती कडूबाईपुढं येऊन बसली, उकिडवी, अगदी जवळ.

"तू यासाठी इचारायचीस?"

कडूबाई जमिनीतला हरळीचा एक कोंब नखानं टोकरत होती.

"इकडं बग माय. यासाठी इचारायचीस? मला वाटलं..."

"पात जायली हुती माजी," कडूबाई म्हणाली.

नर्मदाबाई उठली. तिनं दैवशालाचे हात उचलून उलटेसुलटे केले, बाजारात बैलाचे खूर बघावेत तसे. "हात चांगलेत," ती म्हणाली. "उद्याच्याला हे रान संपवायचंय. कडूबाई, तू धुऱ्यावर बस. लेकीला खुरपं दे."

"तू तर मनली हुतीस, शिवू देनार न्हाई," केवळाबाई म्हणाली.

"ते मालिकेतल्या बाईला मनलं हुतं. हिचे हात बग की."

"नर्मदाबाई," कडूबाई घाईनं म्हणाली, "आता तर खरी रंगात यायलीय. मी पुढचं सांगते ना. उद्या तर..."

"पुढचं तुला कुटं म्हाईत हाय? म्हाईत हाय ते तिला." आणि दैवशालाला म्हणाली, "सांगावं लागंल बर का पोरी. त्या जागेवर मुकं बसून चालत न्हाई."

दैवशालानं आईच्या बोटांत अडकलेलं खुरपं काढून घेतलं. ते लवकर निघालं नाही. आई काही धरून ठेवत नव्हती, बोटंच तशी होती.

कडूबाई धुऱ्यावर जाऊन बसली. दैवशाला पहिली निम्मी पात नुसती खुरपत गेली, गवत असं सपासप खाली पडत होतं की नर्मदाबाईनं समाधानानं तंबाखूची पिचकारी मारली. मग भक्ती म्हणाली, "सांग की गं," आणि केवळाबाई म्हणाली, "खरं खरं सांग. तुज्या मायनं लय मीठ-मिरची लावली."

दैवशालानं मान वर केली नाही.

"एक बाई हुती," ती म्हणाली. "तिला एक माय हुती."

"लय मायाळू," केवळाबाई म्हणाली.

"ती बाई पयल्यांदा माघारी आली तवा तिचा व्हट फाटला हुता. मायनं तिला पानी दिलं. पन दारात. उभ्यानं. मनली, आत बसलीस तर उठनार न्हाईस. मंग तसंच यष्टीपस्तोर घिऊन गेली आन कंडक्टरला सांगितलं, ही येडी हाय, हिला परभणीपस्तोर उतरू देऊ नका. सगळी यष्टी त्या बाईकडं बगायली. कुनी जवळ बसलं न्हाई."

"आगं माय माय माय!"

"दुसऱ्यांदा आली तवा मायनं दाराला कडी लावली. आतून. बाईला चुलीचा धूर दिसायला पत्र्यातून. भाकरी भाजायचा वास आला."

"असली माय असती का कुटं?" भक्ती रडायला लागली होती.

"मेली का मंग ती माय?" केवळाबाईनं विचारलं.

"न्हाई. हाय अजून."

बाया हसल्या, आता मोठ्यांदा, मोकळ्या, आणि जी ती धुऱ्याकडं बघत होती. कडूबाईनं तोंडाला पदर लावला. पात पुढं चालली होती, आवाज लांब जात होता. पुढचं नीट ऐकू येईना, तशी ती बसल्या बसल्या धुऱ्यावरून थोडी पुढं सरकली. मग अजून थोडी.

"कडूबाई!" नर्मदाबाईनं हाक मारली. "बसलीसच हाईस तर घागर भरून आन."

विहीर दोन रानं पलीकडं होती. घागरीचा काठ बोटांत बसेना, म्हणून तिनं ती दोन्ही मनगटांनी कवळून कमरेवर घेतली आणि निम्मं पाणी अंगावर सांडत परत आली. तोवर टोळी पलीकडच्या धुऱ्याला पोचली होती. सगळ्या बाया दैवशालाभोवती बसल्या होत्या, आणि केवळाबाईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. हसून की रडून, ते लांबून कळत नव्हतं.

कडूबाईनं तिथवर जाऊन घागर टेकवली. भक्तीच्या पाठीला हात लावून ती हळूच म्हणाली, "मदी काय सांगितली गं?"

"गप मावशी," भक्ती मागं न बघता म्हणाली. "ऐकू द्या."

कडूबाई भक्तीच्या मागं खाली बसली. बायांच्या पाठींमधून लेकीचं कापलेलं डोकं तेवढं दिसत होतं. ती ऐकायला लागली.